दोन नंबरची तार

ताई: ते डबडं तिथे नको ठेवूस. आईच्या औषधांचा ट्रे आहे त्या टेबलावर.

भाऊ: मग ठेवू कुठे? तुझ्या घरात मोकळी जागा आहे कुठे? बरं, हा घे, ट्रे खिडकीत सरकवला. थोडा वेळ दे मला, ताई. थोडाच.

ताई: सुट्टीच्या दिवशी न कळवता पिशवीत बोर्ड घालून आलास, तेव्हाच कळलं मला थोडा म्हणजे किती ते.

भाऊ: कळवलं असतं तर तू घरी नसतीस.

आई: कोण आलंय? बाळा, तूच का रे?

भाऊ: मीच, आई.

आई: मग डावीकडून ये. उजवीकडून आलास की दिसत नाहीस मला. हां, आता दिसलास. वाळलायस.

भाऊ: काम चालू आहे गं खूप.

ताई: सगळ्यांचंच चालू आहे. बोल, काय झालंय?

भाऊ: नवे बोर्ड चालू होत नाहीत. दुधाच्या टाक्या थंड ठेवायच्या यंत्रात बसवलेत. तुमची सिस्टिम टाकली की चालू होता होता मधेच थांबतं. पडद्यावर एक ओळ येते आणि मग ठप्प. चूक दाखवत नाही, काही नाही. डेअरीवाला सकाळपासून फोन करतोय मला, त्याचे साहेब त्याला करतायत. दूध बर्फावर ठेवलंय म्हणे, पण बर्फ पुरून पुरून पुरणार किती.

ताई: तुमची म्हणू नकोस. त्यातला टायमरचा भाग माझा आहे, तो सगळीकडे चालतो. तुमच्याच बोर्डावर चालत नाही, म्हणजे चूक बोर्डाची. म्हणजे तुझी.

भाऊ: या वेळी नाही.

ताई: हे वाक्य ऐकलंय मी.

आई: भांडायचं तर मला कळेल अशा भाषेत भांडा. नुसती शिवणाची बटणं निवडत बसलेय मी इथे. काळी कुठली आणि निळी कुठली, तेही आता कळत नाही. निदान कान तरी कामाला लागू देत.

भाऊ: आई, बघ. मशीन सुरू झालं की आधी माझा प्रोग्रॅम उठतो. फर्मवेअर म्हणतात त्याला. तो बोर्डातच बसलेला असतो. त्याने सगळ्यांना जागं करायचं आणि ताईच्या प्रोग्रॅमला सांगायचं, की बाई गं, अमुक वस्तू अमुक तारेवर आहे आणि तमुक तमक्या तारेवर. मग तिचा प्रोग्रॅम ताबा घेतो.

ताई: कर्नल म्हणतात त्याला. सिस्टिमचा गाभा.

भाऊ: कर्नल.

आई: म्हणजे तू घर दाखवणारा आणि ही राहायला येणारी.

ताई: बरोब्बर. आणि घर दाखवणारा म्हणतो नळ स्वयंपाकघरात आहे. आपण सामान लावून बसतो, आणि नळ निघतो मागच्या अंगणात.

भाऊ: एकदा झालं होतं तसं.

ताई: एकदा? ऐक आई. मशीनमध्ये एक टायमर असतो. तो ठरलेल्या वेळाने ठोका देतो. ठोका पडला की कर्नल हातातलं काम बाजूला ठेवतो, घड्याळ पुढे सरकवतो, आता कुणाची पाळी ते बघतो आणि पुढे जातो. सगळा कारभार त्या ठोक्यावर. हा ठोका कुठल्या तारेवर येणार ते याच्या फर्मवेअरने सांगायचं. ते सांगायचं दोन नंबरच्या तारेवर. ठोका यायचा शून्य नंबरच्या तारेवर.

आई: असं कसं?

भाऊ: दुसऱ्या एका बोर्डाचा तारांचा तक्ता उतरवून घेतला होता मी. त्यात दोन होतं. आपल्या बोर्डासाठी बदलायचं राहिलं.

आई: राहिलं.

भाऊ: राहिलं गं.

ताई: मी यांच्या कंपनीला कळवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. उत्तर काय, तर आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. लोकांची मशीनं बंद पडत होती. शेवटी मी कर्नलमध्ये नियमच घातला. या नावाचा बोर्ड दिसला, की ठोक्याबद्दल तो काय सांगतो ते ऐकायचंच नाही. सरळ शून्याची तार धरायची.

भाऊ: आणि नियमाच्या वर शेरा मारलास. या फर्मवेअरवर विश्वास ठेवू नये. तुमचं सगळं लिखाण उघडं असतं, साऱ्या जगाला तो वाचता येतो, ताई. मी दुसरीकडे मुलाखतीला गेलो होतो ना, त्या माणसाने तोच काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, हे तुमचंच ना?

ताई: तुझं नाव नव्हतं त्यात.

भाऊ: आमच्याकडे फर्मवेअर लिहिणारा मी एकटा आहे.

आई: हे मला नव्हतं सांगितलंस.

भाऊ: काय सांगायचं, आई. ती नोकरी नाही मिळाली, एवढंच.

ताई: बरं. मग आता काय बदललं? नियम तर कितीतरी वर्षं आहे तिथे.

भाऊ: आता ठोका खरंच दोन नंबरवर येतो.

ताई: काय?

भाऊ: नव्या बोर्डात तार मी दोनवर आणली.

ताई: थांब. तुझ्या तक्त्यात दोन लिहिलं होतं, ते चूक होतं. तर तू तक्त्यात शून्य लिहायचं सोडून तार उचलून दोनवर नेलीस?

भाऊ: हसू नकोस. तुझा कर्नल सोडून बाकीच्या सिस्टिम माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवायच्या. त्या सगळ्या फसत होत्या. तक्ता आता बदलावा, तर तो इतक्या ठिकाणी पोचला होता की कुणाकुणाला कळवणार? म्हटलं, मी दोन बोललोय ना, मग दोनवर आणून दाखवतो. बोर्डाची आखणी करणाऱ्या बाई महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हत्या त्यापायी. पण झालं. आता जो कुणी माझं ऐकेल त्याला ठोका मिळतो. फक्त तू ऐकत नाहीस.

आई: शब्द पाळायला तार हलवली म्हण की.

ताई: तू नको लगेच त्याची बाजू घेऊस.

आई: बाजू कसली? मी झालं ते बोलले.

ताई: म्हणजे माझा कर्नल शून्याशी जाऊन बसतो, आणि तिथे काहीच येत नाही.

भाऊ: काहीच नाही.

आई: मग किती वेळ बसून राहतो तो?

ताई: कायमचा. ठोक्यावरच त्याचं घड्याळ चालतं ना, आई. ठोकाच नाही, तर आपण किती वेळ वाट बघतोय हेही त्याला समजत नाही. त्याच्या दृष्टीने तो आत्ताच येऊन बसलाय.

आई: बिचारा.

भाऊ: फोन वाजतोय माझा. डेअरीवालाच. नको, वाजू दे. काय सांगू त्याला? बहिणीची समजूत घालतोय म्हणून सांगू?

ताई: तू येरझाऱ्या घालणं बंद कर आधी. डोकं फिरतंय माझं. हे बघ, मी तो नियम काढून टाकला तर काय होईल? तुमचे जुने बोर्ड अजून शेकडो ठिकाणी चालू आहेत, आणि ते अजून दोन म्हणून सांगतात आणि ठोका शून्यावर देतात. उद्या माझा नवा कर्नल त्यांच्यावर गेला की ते सगळे बंद. नव्या बोर्डाचं नाव वेगळं असतं तर मी नवा ओळखला असता. नाव बदललं का तुम्ही?

भाऊ: नाही.

ताई: का?

भाऊ: साहेब म्हणाले, नाव बदललं की सगळ्या परवानग्या नव्याने काढाव्या लागतील. त्यापेक्षा जुनंच चालू दे.

ताई: छान. म्हणजे दोघेही एकाच नावाचे, एकच गोष्ट सांगणारे. त्यातला एक खोटा आणि एक खरा.

भाऊ: साहेबांचं म्हणणं, तार परत शून्यावर न्या. म्हणाले, त्या बाईंना आपल्या खोट्याची सवय झालीय ना, मग राहू दे तसंच. मी नाही म्हटलं. उद्यापर्यंत मुदत दिलीय मला. मी तार हलवणार नाही, ताई. नोकरी गेली तर गेली.

आई: असं अभद्र बोलू नकोस.

भाऊ: खरं तेच बोलतोय. आणि हे एकच नाही. मी दुसऱ्या कामालाही आलोय.

ताई: नाही.

भाऊ: ऐकून तरी घे.

ताई: माहितेय मला. बुधवारी आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तू रजा टाकली असशील. नंतर थेंब घालायला मी राहतो म्हणशील. नाही.

भाऊ: तुझा नवा कर्नल त्याच आठवड्यात बाहेर पडतोय. दिवसभर तू फोनवर असणार. नर्स ठेवणारेस म्हणे. अनोळखी बाई चालेल, आणि मी नाही?

ताई: अनोळखी बाईने अजून आईचा एकही डोळा घालवलेला नाही.

आई: अगं.

ताई: नाही आई, आज बोलू दे मला. मागच्या ऑपरेशननंतर तू याच्या घरी होतीस. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. थेंब वेळच्या वेळी, चुकले तर आत जंतू होतील. मी रोज फोन करायचे. घातले का? घातले. दुपारचे घातले का? हो ताई, घातले. रात्रीचे? घातले गं, काळजी नको करूस. हा कुठल्याशा बोर्डाच्या मागे तीन तीन दिवस ऑफिसात होता, आणि मला घरून बोलतोय असं भासवत होता. मी इथे निवांत. किती वेळ गेला तेही मला कळलं नाही.

भाऊ: मला वाटायचं, घरी पोचलो की घालेन. एक चुकला तर काय मोठं होतंय. मग दुसरा चुकला. मग तुला सांगायची लाज वाटायला लागली. तो डोळा रोज माझ्यासमोर येतो, ताई. इथे आलो की आई म्हणते डावीकडून ये. तू काय वेगळं सांगणारेस मला?

ताई: आणि तू, आई. मी तुलाही विचारायचे. तूही हो म्हणायचीस.

आई: म्हणायचे.

ताई: पाठीशी घातलंस त्याला.

आई: घातलं. त्याच्यावर ओरडशील म्हणून. मुलगा दमून येतो, त्यात तुझी बोलणी कशाला खायची त्याने. माझा डोळा मला इतका महत्त्वाचा वाटलाच नाही तेव्हा. आता वाटतो.

ताई: मग तूच सांग. बुधवारी त्याच्या हाती द्यायचं का तुला?

आई: बरं झालं विचारलंस. इतका वेळ दोघं माझ्या डोक्यावरून बोलताय. मला भीती वाटते. त्याच्या हाती जायची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. हा डोळा गेला तर मला तुमची तोंडंसुद्धा दिसणार नाहीत. सुई ओवणं तर सोडाच. पण त्याला नको म्हणायचं, नर्स आणायची, आणि तो दारातून वळून जायचा, हे मनात आलं की जीव जास्त घाबरा होतो. यातलं कुठलं निवडायचं ते मला कळत नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळत असेल तर सांगा.

भाऊ: ताई, कुठे चाललीस?

ताई: लॅपटॉप आणतेय. बसवत नाहीये मला. निदान दुधाचं तरी बघू. जुना बोर्ड आहे का तुझ्याकडे?

भाऊ: दोन्ही आणलेत. हा जुना, हिरवा. नवा काळा आहे.

ताई: जोड. आधी काळा. मी नियम काढत नाही, बदलतेय. फर्मवेअर काय म्हणतं ते आधी ऐकायचं. दोन म्हणतंय ना, दोनची तार धरायची. ठोका येतो का बघायचं. नाही आला, तर शून्यावर जायचं.

भाऊ: पण ठोकाच नाही आला, तर किती वेळ थांबायचं ते कशावरून ठरवणार? आत्ताच म्हणालीस, त्याच्याकडे घड्याळच नसतं.

ताई: प्रोसेसरला नुसतं मोजायला लावायचं. एक, दोन, तीन, चार. त्याचा वेग आपल्याला ठाऊक आहे, त्यावरून अंदाज बांधता येतो. अचूक नाही, पण कायमचं बसून राहण्यापेक्षा बरं.

आई: आम्ही शिलाई मशीनवर असंच करायचो. घड्याळ नसलं की टाके मोजायचो.

भाऊ: केबल लावली. सोड.

ताई: सोडला.

भाऊ: चालू झाला. ताई, दिवा बघ. चालू झाला की.

ताई: नाचू नकोस. हा खरं बोलणारा होता, तो चालणारच. आता हिरवा लाव. त्याच्यावर कळेल.

भाऊ: लावला. येतंय... पहिली ओळ... अडकला. हा का अडकला? याने शून्यावर जायला हवं होतं.

ताई: थांब, थांब. दोनच्या तारेवर एक ठोका आलाय. बघ इथे.

भाऊ: दोनवर? जुन्या बोर्डात दोनवर काहीच जोडलेलं नाही.

ताई: तार बदलताना एखादा भटका ठोका पडतो. आधीचा कुठेतरी अडकलेला असतो, तो निसटतो. माझ्या तपासणीला तोच एक मिळाला आणि तिने मान डोलावली. मग पुढे काहीच नाही. चूक माझी. एका ठोक्यावर मानायला नको होतं.

भाऊ: मग?

ताई: सलग काही पडू देत. ओळीने, सारख्या अंतराने. तेवढे आले तर मानायचं.

भाऊ: आणि मधे एखादा हुकला तर? कामाचं ओझं असलं की हुकतो कधीतरी. खऱ्या बोर्डावरही हुकतो.

ताई: हुकला तर लगेच खोटा नाही ठरवायचा. बहुतेक आले, तरी पुरे. हां, आता सोडते.

(दोघे पडद्याकडे बघत राहतात. आईच्या हातातली बटणं थांबतात. हिरव्या बोर्डावरचा दिवा लुकलुकू लागतो.)

भाऊ: शून्यावर गेला. आपला आपण.

ताई: परत काळा लाव. दोन्ही पुन्हा एकदा बघू. माझा विश्वास नाही अजून.

भाऊ: काळा लावला... चालला. दोनवर. ताई, मी डेअरीवाल्याला सांगू?

ताई: सांग, संध्याकाळी फाईल पाठवते म्हणून. आणि तुमच्या साहेबांना सांग, तार आहे तिथे राहू दे.

भाऊ: तो शेरा?

ताई: कुठला?

भाऊ: विश्वास ठेवू नये, तो.

ताई: काढला. हे बघ. आता लिहिलंय, फर्मवेअर सांगेल ते आधी मानावं, ठोके बघावेत, ते आले नाहीत तर दुसरी तार धरावी आणि तशी नोंद करावी. कंपनीचं नाव कुठेच नाही. सगळ्यांनाच लागू.

भाऊ: सगळ्यांनाच?

ताई: खोटं काय तुम्ही एकटेच बोलता का. बाकीच्यांचं अजून सापडलं नाही, एवढंच.

आई: झालं तुमचं? माझं दूध अजून बर्फावरच आहे.

ताई: झालं, आई. म्हणजे, तुझं नाही झालं.

भाऊ: मी इथे येऊन राहीन. माझ्या घरी नको. ऑफिसात सांगितलंय, बोर्ड जळाला तरी मला फोन करायचा नाही. बाटल्या या खिडकीतच ठेवू, तुझ्या डोळ्यासमोर. ताई, नर्सही ठेव हवं तर. मी तिच्याशेजारी बसेन.

ताई: नर्स नको.

भाऊ: नको?

ताई: थेंब चुकले तर काय होतं ते नर्सला सांगायला लागेल, तुला नाही सांगायला लागणार. एखादा थेंब चुकला तर?

भाऊ: तर चुकला म्हणून सांगेन. तासाभरात. तू ओरडलीस तरी.

ताई: मी ओरडेन.

भाऊ: माहितेय.

ताई: आणि तरी सांगायचं. मला डॉक्टरांना विचारून पुढचं बघता येतं. उपाय असतो. न सांगितलेल्याला नसतो.

आई: हात दे रे तुझा. किती गार पडलाय. भ्यालास?

भाऊ: हो.

आई: बरं आहे. मागच्या वेळी अजिबात नव्हता भ्यालास.

भाऊ: ताई, समज बुधवारी रात्री तू कामावरून फोन केलास, आणि मी म्हटलं घातले. मानशील?

ताई: मानेन. आणि मग फोन आईला द्यायला सांगेन.

आई: या खेपेला मी खरं सांगेन.